कारण नोंदवलेले नाही

हॉस्पिटलात तिला सगळे कोडताई म्हणत. तळमजल्यावर लॉन्ड्री आणि औषधांचं स्टोअर यांच्या मधल्या लांबट खोलीत तिचं टेबल होतं. पेशंट घरी गेला की त्याची फाइल खाली तिच्याकडे यायची. डॉक्टरांनी घाईघाईत खरडलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला ठरलेलं अक्षर आणि आकडे, म्हणजे त्याचा कोड, द्यायचा, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती तेच करत होती. कुणाचंही अक्षर तिला लागायचं. एक म्हातारे सर्जन तर स्वतःचंच लिहिलेलं वाचता आलं नाही की फाइल बगलेत मारून खाली उतरायचे आणि विचारायचे, "ताई, मी इथं काय म्हटलंय हो?"

तिच्या कामाचा पहिला नियम असा, की कागदावर असेल तेवढंच घ्यायचं. आपल्याला ठाऊक आहे, आपल्याला वाटतं, असल्या गोष्टींना तिथं जागा नाही. आणि कागदावर काही राहून गेलं असेल, तर डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून विचारायचं. चिठ्ठ्या पाठवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मूत्रमार्ग आक्रसण्याच्या आजारावर तिच्या सगळ्यात जास्त चिठ्ठ्या जायच्या. या आजारात लघवीची नळी आतून वण धरते आणि अरुंद होत जाते. जुना मार लागून झाला असेल तर त्याचा एक कोड, इन्फेक्शन होऊन गेल्यावर झाला असेल तर दुसरा, कधीकाळी घातलेल्या नळीमुळे किंवा ऑपरेशनमुळे झाला असेल तर तिसरा. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर एन पस्तीस पॉइंट नऊ. म्हणजे कारण नोंदवलेले नाही. त्या नऊवर तिचा भारी राग. लघवीच्या विभागाचे डॉक्टर वैतागून फोन करायचे.

"ताई, तीस वर्षांपूर्वी कुठं पडला होतात हे माणसाला आठवतं का?"

"नीट विचारलं तर आठवतं, डॉक्टर."

"तुम्हीच या मग वर. माझी ओपीडी तुम्ही चालवा, मी खाली बसून आकडे लावतो."

असं चेष्टेत चालायचं. पण चिठ्ठीचं उत्तर यायचंच.

तिचं सासर आणि माहेर यांच्यात तीन गल्ल्यांचं अंतर होतं. माहेरी आता दोनच माणसं, आई आणि दादा. आई अठ्ठ्याहत्तरची, कानांनी जरा कमी. दादा चोपन्नचा. बाजाराच्या तोंडाशी त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक मशीन आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या हजारभर कोऱ्या किल्ल्या. कुलूप कितीही अडलेलं असो, दादा त्याला कान लावून बसायचा आणि उघडायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. एकदा ठरत आलं होतं, नगर वाचनालयात काम करणारी एक मुलगी होती, बरीचशी त्याच्यासारखीच कमी बोलणारी. मग एके दिवशी दादाने आपणहून नको म्हणून सांगितलं. का, ते कुणालाच कळलं नाही. आईने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला, तरी त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दादाच्या दोन सवयींवर घरात सगळे हसायचे. एक म्हणजे तो पाणी पिताना एवढं मोजून प्यायचा, की जणू दुसऱ्याच्या माठातलं पितोय. आणि दुसरी, तो बाथरूममध्ये गेला की बाहेरच्या माणसाने आशा सोडायची. "दादा आत गेलाय का? चला, तोवर आपण एक पिक्चर बघून येऊ," असं बारकी म्हणायची. बारकी म्हणजे तीच, कोडताई. दादा तिला अजूनही बारकीच म्हणत असे. सहलीला तो कधी आला नाही, लांबच्या लग्नाला गेला नाही. "दुकान बंद ठेवून चालत नाही," एवढंच त्याचं कायमचं उत्तर. बारकीने ती उत्तरं चाळीस वर्षं ऐकली आणि खरी मानली. दिवसभर दुसऱ्यांच्या आजारांची कारणं खोदून काढणाऱ्या बाईला घरचं हे एक कोडं कधी कोडं वाटलंच नाही.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. कॅज्युअल्टीतून सिस्टर बोलत होत्या.

"ताई, किल्लीवाले तुमचे भाऊच ना? जरा वर या. घाबरू नका, पण या."

दादाच्या शेजारच्या दुकानातल्या चप्पलवाल्याने त्याला रिक्षात घालून आणलं होतं. आदल्या दुपारपासून लघवी पूर्ण बंद झाली होती. पोट टम्म फुगलेलं, घामाने शर्ट चिकटलेला, ओठ चावून चावून रक्ताळलेले. बहिणीला बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दादा, अरे कालपासून? आणि सांगितलं नाहीस?"

"होईल मोकळं म्हटलं. होतं नेहमी."

नेहमी म्हणजे केव्हापासून?

खालून नळी घालायचा प्रयत्न झाला. बारीकातली बारीक नळीसुद्धा आत शिरेना. शेवटी लघवीचे डॉक्टर स्वतः आले आणि बेंबीखाली छोटीशी जागा बधिर करून पोटातूनच नळी थेट मूत्राशयात घातली. पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरली. दादाने डोळे मिटले आणि इतका मोठा उसासा टाकला, की पडद्याआड उभ्या असलेल्या तिला तो ऐकू आला. संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट आले. ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असे आकडे असलेल्या फाइली तिच्या हाताखालून रोज जात. दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या.

डॉक्टर दादाच्या खाटेशी बसले. ती पायथ्याशी उभी.

"कधी मार लागला होता का? खाली, दोन पायांच्या मध्ये? कशावर पडला होतात?"

"नाही."

"इन्फेक्शन? पू, जळजळ, तसलं काही?"

"नाही."

"कधी नळी घातली होती? ऑपरेशन?"

"कधीच नाही."

"त्रास कधीपासून होतोय?"

"झाले थोडे दिवस," दादा म्हणाला आणि चादरीची घडी बोटांनी सरळ करत बसला.

दोन दिवसांनी रंगीत औषध सोडून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून तिला दाखवला. पांढरी नळी खालून छान येत होती आणि एका ठिकाणी सुतासारखी होऊन जवळजवळ नाहीशीच झाली होती.

"हे बघा, हाडाच्या बरोबर खाली. तेवढाच तुकडा, पुढे मागे सगळं चांगलं. ताई, असं चित्र मार लागल्यावरच दिसतं. कुंपणावर पाय घसरला, गटाराच्या जाळीत पाय गेला, सायकलच्या दांड्यावर आपटला. बहुतेक वेळा लहानपणी. वण हळूहळू घट्ट होत जातो. दहा वर्षं, वीस वर्षं. माणसाला वाटतं आपली धारच अशी. आणि मूत्राशय जोर लावून लावून दमतं, लघवी मागे तुंबते, किडन्यांवर ताण येतो. तुमच्या भावाचं तेच झालंय."

"तो नाही म्हणतो."

"माणसं नाही म्हणतात. मी काय करू? कागदावर 'कारण माहीत नाही' असंच लिहावं लागेल मला."

"उपाय?"

"अगोदर किडन्या जितक्या सावरतील तितक्या सावरू देऊ. तोवर पोटातली नळी राहील. मग मार्ग उघडायचा. सळीने रुंद करणं किंवा आतून दुर्बिणीने कापणं, या दोन्हीने थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा बंद होतं. वण लांब असता तर गालाच्या आतली कातडी काढून तिथं जोडली असती. याचा तुकडा छोटा आहे. तेवढा कापून दोन टोकं एकमेकांना शिवता येतील. मार्ग होईल. मार्गाची मला काळजी नाही."

काळजी कशाची आहे, ते ते बोलले नाहीत. तिनेही विचारलं नाही.

नवव्या दिवशी दादाला पिशवीसकट घरी सोडलं आणि त्याची फाइल खाली आली. घरच्या माणसाची फाइल आपण करायची नाही, असा नियम. ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे गेली. ही मैत्रीण बारा वर्षं तिच्याच हाताखाली तयार झालेली. तासाभराने ती खुर्ची ओढत जवळ आली आणि एक चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर तिच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: आजाराचे कारण नोंदवलेले नाही, कृपया रुग्णास विचारून कळवावे.

"डॉक्टरांना पाठवली होती," मैत्रीण संकोचून म्हणाली. "त्यांनी परत पाठवली. म्हणाले, तो मला सांगणार नाही, ताईंनाच विचारायला सांगा. राहू दे का गं? टाकू मी नऊ?"

"दे इकडे," ती म्हणाली.

दुपारी ती माहेरी गेली. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, पिशवी खुर्चीच्या पायाला बांधलेली, तिच्यावर आईने जुना टॉवेल टाकलेला. समोर छोट्या टेबलावर एक मोडकं कुलूप सुटं करून मांडलं होतं. आई आत ओट्याशी काहीतरी निवडत होती.

"कशी आहेस बारके?"

"मी बरी आहे. दादा, मला एक विचारायचंय, आणि खरं सांग."

"विचार की."

"डॉक्टर म्हणतात हे लहानपणच्या माराचं आहे. तू कधी पडला होतास?"

"मी कशाला पडतोय?" त्याने एक स्प्रिंग उचलली आणि उजेडात धरली. "मला नाही आठवत."

"दादा, ते म्हणाले कुंपण, जाळी, नाहीतर सायकलचा दांडा."

दादाची नजर हातातल्या स्प्रिंगवरून निसटली आणि खाली, तिच्या उजव्या पावलाकडे गेली. क्षणभरच गेली. लगेच त्याने ती परत वर घेतली.

तिच्या उजव्या टाचेवर सहा टाक्यांचा वण होता. त्या वणाची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ. ती सहा वर्षांची असताना दादाने तिला बाबांच्या सायकलवर मागे बसवून पाण्याच्या टाकीच्या उतारावरून नेलं, तिचा पाय चाकात गेला, टाच सोलून निघाली. दादाने तिला उचलून पळत पळत घरी आणलं. बाबांनी त्याला पट्ट्याने फोडून काढलं. बारकीला पुढे पंधरा दिवस गादीवर बसून लाड करून घेता आले. ती गोष्ट तिने स्वतःच्या मुलांना कितीदा तरी हसत सांगितली होती. त्या गोष्टीत सायकल थांबल्यावर दादाचं काय झालं, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तिला खुर्ची सापडेना. ती तशीच त्याच्या समोर जमिनीवर बसली.

"माझा पाय गेला ना चाकात."

"अगं, ते कुठलं काढतेस आता."

"दादा."

त्याने स्प्रिंग खाली ठेवली. मग एखाद्या तिऱ्हाईताचं सांगावं तसं सांगायला लागला.

"चाक एकदम अडकलं. मी सीटवरून पुढे आलो आणि दांड्यावर बसलो. एवढंच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तू अशी किंचाळलीस, आणि पायातून भळाभळा रक्त. मला वाटलं तुझा पाय गेला. मग मला काय सुचतंय? उचलली आणि पळालो."

"तसाच पळालास?"

"मग काय करू? बाबांनी आल्या आल्या सुरुवातच केली. रात्री लघवीतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी थांबलं. मला वाटलं, सुटलो."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगणार? बाबा आधीच चवताळलेले. आई तुझ्यापाशी. आणि जागा ही असली. तेरा वर्षांचा होतो गं मी." तो किंचित हसला. "मग अठरा-एकोणीसचा झालो तेव्हा धार बारीक व्हायला लागली. तोवर लाज आली होती. लाजेची मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. कुठल्या रस्त्यावर कुठं मुतारी आहे, तिथं गर्दी केव्हा नसते, सगळं मला पाठ आहे. कमी प्यायचं, जवळ राहायचं. त्यात काय एवढं."

"आणि ती वाचनालयातली?"

"तिला काय सांगणार होतो?" एवढंच तो म्हणाला.

ती रडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिने ओढणी तोंडात धरली. दादाने कुलुपाचे भाग उगाचच डावीकडून उजवीकडे सरकवले.

"माझ्यापाशी तरी यायचंस ना रे. मी तिथंच बसते. एकवीस वर्षं तिथंच बसते मी."

"म्हणून तर नाही आलो. तुझ्याच टेबलावर कागद येणार. तू कारण शोधल्याशिवाय राहणार नाहीस, मला माहीत नाही का? आणि शोधलंस की रडत बसणार. आत्ता बसलीयस तशी."

आत भांडं वाजलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिला अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं.

"सायकलचं बोलताय होय?" आई हौसेने म्हणाली. "बाई बाई, काय दिवस होता तो! हिची टाच तर टाच, पण याची चड्डी रक्ताने भिजलेली. मी दोनदा साबण लावला, घासून घासून हात दुखले, डाग काही जाईना. मी म्हटलं, तुला लागलंय का रे कुठं? तर म्हणे, नाही आई, बारकीचं रक्त आहे, मी उचलून आणलं ना तिला. एवढंसं पोर, पण बहिणीला धावत घेऊन आला."

दादा खिडकीबाहेर बघत होता. बारकी आईकडे बघत होती. "चहा टाकते," म्हणून आई आत गेली.

"तिला कळता कामा नये," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "आता या वयात तिने ते कशाला उगाळत बसायचं."

"आणि डॉक्टरांना?"

"सांगावंच लागेल का?"

"त्यांना ऑपरेशन करायचंय, दादा. त्यांना कळलेलं बरं."

त्याने विचार केला. "सांग मग, सायकलवरून पडला म्हणून. मागे कोण होतं ते नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइल मागवली, 'कारण माहीत नाही' यावर रेघ मारली, शेजारी जुन्या अपघाताचं लिहिलं आणि सही केली. फाइल पुन्हा खाली आली. मैत्रिणीने नऊऐवजी माराचा कोड घातला. मार लागला की तो कसा लागला त्याचाही एक कोड असतो. मैत्रीण ते पान काढून बसली.

"सायकल, कशाला न धडकता पडणे," ती वाचत म्हणाली. मग तिने मान वर केली. "ताई, चालवणारा की मागे बसलेला?"

"चालवणारा," ती म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली. नळाशी ती बराच वेळ उभी राहिली. मागे बसलेल्यासाठीही कोड होता, पण तो त्याच्या स्वतःच्या जखमेपुरता; त्याच्यामुळे दुसऱ्याला काय झालं, त्याला कोड नव्हता. पाण्याचा ग्लास तिने तसाच ठेवून दिला.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वणाचा तुकडा कापून काढला आणि टोकाला टोक जोडलं. तीन आठवडे आतून नळी ठेवली. ज्या सकाळी ती काढली त्या सकाळी साडेदहाला तिच्या टेबलावर फोन वाजला.

"बारके, ऐक."

"काय झालं दादा? कुठून बोलतोयस?"

"वॉर्डच्या बाथरूममधून. बोलू नको, ऐक नुसतं."

आणि तिने ऐकलं. चोपन्न वर्षांचा तिचा भाऊ फोन खाली धरून उभा होता आणि पाण्याचा नळ सोडावा तसा आवाज येत होता. एका दमात. मग दादाचं हसणं आलं. असं हसताना तिने त्याला त्याच्या तेराव्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. तीही हसत सुटली. शेजारची मैत्रीण दचकून बघायला लागली, तेव्हा फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "काही नाही गं, रेडिओ लागलाय."

त्यानंतरचे पाच महिने चांगले गेले. दादा पाणी प्यायला लागला. दुकानात एक मोठी बाटली ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "घ्या, पाणी घ्या." एकदा तिने त्याला विचारलं, तुला कुठं जायचंय का. तो लगेच म्हणाला, समुद्र. चोपन्न वर्षांत त्याने समुद्र बघितला नव्हता. बसने सात तासांचा रस्ता. बहीणभाऊ दोघंच निघाले. तिने नवऱ्याला आणि मुलांना सांगितलं, या वेळी तुम्ही कुणी नको. दादाने खिडकीची जागा घेतली आणि वाटेत दोन बाटल्या पाणी रिचवलं. बस पहिल्यांदा थांबली तेव्हा तो बाकीच्या पुरुषांबरोबर उतरला आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आधी परत आला. जागेवर बसताना त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसा एखादा मुलगा शर्यत जिंकून येतो. समुद्रापाशी तो पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून तासभर उभा राहिला. परत येताना म्हणाला, "मोठाय गं."

पण किडन्या सावरल्या नव्हत्या. इतकी वर्षं मागून दाब झेलून त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. सहाव्या महिन्यात दादाचे पाय सुजायला लागले, अन्नाचा वास नकोसा झाला. रिपोर्ट घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं. आजवर त्यांनी तिला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

"मार्ग अजून छान उघडा आहे," ते म्हणाले. "पण डायलिसिस सुरू करावं लागेल. आठवड्यातून तीनदा."

"डॉक्टर, तेव्हाच कुणी दाखवलं असतं तर? तेरा वर्षांचा होता तेव्हा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "तेव्हा छोटं काम होतं, ताई," ते म्हणाले.

डायलिसिस सुरू झालं आणि दादाचं पाणी पुन्हा मोजून झालं. दिवसाला तीन कप, औषधं धरून. त्याने तक्रार केली नाही. "मला सवय आहे," म्हणाला. ती सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारच्या सुटीत वर जाऊन त्याच्या मशीनपाशी बसायची. तो तिला कुलुपांच्या गोष्टी सांगायचा. किल्ल्या हरवणाऱ्या माणसांचे प्रकार सांगायचा. सायकलचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. एकदा तिनेच न राहवून म्हटलं, "दादा, मला माफ कर रे." त्यावर तो खराच चिडला. "सहा वर्षांची होतीस तू. मी तुला पाय लांब ठेव म्हणून सांगितलं नव्हतं. ते माझं काम होतं." आणि मग तिचं तोंड बघून म्हणाला, "जा, खाली जा. तुझ्या फाइली साठल्या असतील."

पुढच्या वर्षी थंडी पडता पडता त्याला ताप आला. डायलिसिसच्या नळीतून इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. चार दिवस तो आयसीयूत होता. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. ती शेजारी होती. त्याचा हात गार पडत गेला तसा तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला, सिस्टरनी हळूच सोडवेपर्यंत.

फाइल मैत्रिणीने केली. तिला न विचारता, न दाखवता, एका दुपारी करून कपाटात ठेवून दिली. मृत्यूच्या दाखल्यावर कारणांची उतरंड असते, वरचं खालच्यामुळे, खालचं त्याच्याही खालच्यामुळे. सगळ्यात खालच्या ओळीत काय लिहिलं असेल ते तिला ठाऊक होतं. ती ते कपाट उघडायला गेली नाही.

दुकान चप्पलवाल्याने घेतलं. आई तिच्याकडे राहायला आली. आता तिला आणखी कमी ऐकू येतं. दिवसभर खिडकीशी बसते आणि संध्याकाळी लेक घरी आली की तिला समोर बसवून घेते. एका संध्याकाळी तिने विचारलं, "त्याला असं कशाने झालं गं? आपल्यात तर कुणाला नव्हतं असलं काही."

ती आईच्या शेजारी बसली. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर आल्याशिवाय सोडलं नव्हतं. आईच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं, बोटांचे सांधे सुजलेले, नखं झिजलेली. त्या हातांनी चड्डीचा डाग घासला होता.

"किडन्या गेल्या, आई," ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली.

"हो, पण कशाने?"

"डॉक्टरांना नाही सांगता आलं."

आईने मान हलवली. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बिचारा. कधी कुणाला त्रास दिला नाही त्याने." मग आतून नातवाने कसलीशी हाक मारली. आई ऐकायला वळली, आणि बारकी उठून दिवा लावायला गेली.